क्लस्टरवरची कामं आपोआप चालवायला पोरांना शिकवायचं कसं?

विद्यानगरी | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजात शिकवते (नाव नको, आमचे एचओडी इथे वाचनमात्र आहेत). पुढच्या सोमवारपासून पाच दिवस, रोज दोन तास, माझ्या गळ्यात एक वर्ग पडलाय: एचपीसीवर (अनेक संगणक जोडून चालणाऱ्या मोठ्या गणनेत) वर्कफ्लो ऑटोमेशन, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या कामांची साखळी आपोआप चालवणं. २४ पोरं. बारा कॉम्प्युटरची, सात मेकॅनिकलची, तीन सिव्हिलची, दोन बायोटेकची. हाताशी चार नोडांचा (संगणकांचा) जुना क्लस्टर, एका नोडला १६ कोअर, वर स्लर्म, म्हणजे कामं रांगेत लावून नोडांना वाटणारं सॉफ्टवेअर.

गेल्या वर्षी मी थेट स्नेकमेकने (कामांची साखळी नियमांनी लिहायचं टूल) सुरुवात केली. रूल, इनपुट, आउटपुट, वाइल्डकार्ड. पोरांनी निमूटपणे टाइप केलं, चाललं, सगळे खूश. दोन महिन्यांनी प्रोजेक्टच्या वेळी बघते तर एकही जण ते वापरत नव्हता. जो तो आपला एकेक जॉब हाताने टाकतोय आणि रात्री अकराला मोबाइलवरून लॉगिन करून 'संपला का' बघतोय. एकाला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, ते तुमच्या तासाचं होतं ना."

हे वाक्य वर्षभर टोचतंय. म्हणून यंदा पहिले दोन दिवस कुठलंच टूल दाखवायचं नाही असं मनात आहे. सगळं हाताने करायला लावायचं, कंटाळू द्यायचं, मग टूल. सहकारी म्हणतात दहा तासांतले चार फुकट जातील. तुमचं मत काय? आणि चारही शाखांना कळेल असं उदाहरण कुठलं घेऊ?

---

रंकाळ्याचा वारा | ९:१८

पहिल्या दिवशी सकाळी सगळ्यांना कट मारून मिसळ खायला घाला. दुपारी कुणी जागंच राहणार नाही, मग सगळं ऑटोमॅटिकच. (ह. घ्या.)

---

नोडराखण | ९:४१

ताई, मी पुण्यात एका संस्थेचा क्लस्टर सांभाळतो. टूल कुठलंही शिकवा, पण त्याआधी लॉगिन नोड म्हणजे काय ते शिकवा (सगळ्यांनी आत यायचं सामायिक दार, कामं चालवायची जागा नव्हे). पाया पडतो.

स्नेकमेकला स्लर्मबद्दल काही सांगितलं नाही तर तो जिथे उभा आहे तिथेच सगळं चालवतो. पोरगं लॉगिन नोडवर उभं असतं. मग शंभर जणांचा लॉगिन नोड एकट्याच्या सोळा प्रोसेसनी कण्हायला लागतो आणि फोन मला येतात. शिवाय इंटरनेटवरची जुनी ट्यूटोरियल्स ढिगाने आहेत. आठव्या आवृत्तीपासून जुना 'क्लस्टर' पर्याय गेला, आता स्लर्मसाठी वेगळं प्लगइन टाकावं लागतं. पोरं जुनी ओळ चिकटवतात, एरर येते, मग ती ओळच काढून टाकतात. ओळ काढली की चालतं. चालतं कुठे, तर लॉगिन नोडवर.

दुसरं दुखणं म्हणजे चार-चार सेकंदांची दहा हजार कामं. काम चार सेकंदांचं, पण त्याला रांगेत घ्यायचं, जागा शोधायची, सुरू करायचं, हिशेब लिहायचा यातच शेड्युलरचा जीव जातो. अशी कामं मोळी बांधून एका जॉबात घालायची असतात. ॲरे जॉब (एकाच स्क्रिप्टची अनेक कामं एकदम) टाकला तरी टक्क्याचं चिन्ह देऊन 'एका वेळी दहाच' असं सांगता येतं. हे कुणी शिकवत नाही, कारण शिकवणाऱ्याच्या लॅपटॉपवर कधी अडत नाही.

---

बॅशबहाद्दर | ९:५८

मुळात टूल हवंच कशाला? जॉब टाकायची स्लर्मची आज्ञा एसबॅच, तिला 'पार्सेबल' दिलं की नुसता जॉब क्रमांक मिळतो. तो व्हेरिएबलमध्ये ठेवा, पुढच्या जॉबला 'आफ्टरओके' (आधीचा नीट संपला तरच सुरू हो) म्हणून द्या. पाच पायऱ्या, पाच ओळी. रोज चालवायचं असेल तर ठरल्या वेळी आज्ञा सोडणारा क्रॉन आहे. वीस वर्षं हेच करतोय, अजून काही बिघडलं नाही. आज स्नेकमेक, उद्या आणखी कुठला साप. बॅश (आज्ञांच्या स्क्रिप्ट लिहायची साधी भाषा) मात्र जागच्या जागी आहे.

---

पाऊसवेडी | १०:२५

बॅशबहाद्दर, तुमच्या 'काही बिघडलं नाही'मध्ये थोडं 'बिघडलेलं कळलं नाही'ही असणार. स्वतःचं सांगते.

हवामानाचं डब्ल्यूआरएफ मॉडेल चालवायचे. त्याची साखळी अशी: जिओग्रिड जमिनीची माहिती तयार करतो. अनग्रिब जागतिक मॉडेलच्या ग्रिब फायली उलगडतो. मेटग्रिड या दोघांची सांगड घालतो. रिअल सुरुवातीची आणि कडेची स्थिती बनवतो. शेवटी डब्ल्यूआरएफ स्वतः. भाग बदलला नाही तर जिओग्रिड एकदाच करायचा, बाकी सगळं रोज. मीही आफ्टरओकेचीच माळ ओवली होती.

माझ्या प्रत्येक स्क्रिप्टच्या शेवटी हौसेने नुसतं स्क्रीनवर छापणारी एक ओळ होती: एको "झालं". आता स्क्रिप्टचा एक्झिट कोड (शून्य म्हणजे काम नीट झालं) असतो शेवटच्या आज्ञेचा. एको कधी फसतो का? एका रात्री ग्रिबची फाइल अर्धीच उतरली. अनग्रिब मेला, एकोने "झालं" म्हणून सांगितलं, स्लर्मला शून्य मिळालं, पुढचा जॉब सुटला. फोल्डरमध्ये आदल्या दिवशीच्या उलगडलेल्या फायली पडून होत्या, त्यात आजच्याही तारखा होत्या. मेटग्रिडने त्याच उचलल्या. सकाळी अंदाज तयार, नकाशा देखणा. कालच्या माहितीवरचा. नकाशा कोरडा आणि खिडकीबाहेर पाऊस धो धो. सर म्हणाले, "मॉडेलमध्ये काहीतरी त्रुटी दिसते." मॉडेल बिचारं निर्दोष होतं.

त्यानंतर तीन सवयी लागल्या. स्क्रिप्टच्या डोक्यावर 'सेट -ई' आणि 'पाइपफेल', म्हणजे मधली आज्ञा फसली की तिथेच थांब. प्रत्येक धावेला नवं कोरं फोल्डर. आणि एक्झिट कोडवर न विसंबता लॉगच्या शेवटी 'सक्सेस कम्प्लीट' आहे का ते बघायचं.

विद्यानगरीताई, म्हणून म्हणते, दोन दिवस हाताने करून घ्याच. पण नुसतं कंटाळवाणं काम देऊ नका, फसणारं द्या. मुद्दाम मधली पायरी मोडून ठेवा आणि कुणाला कळतं ते बघा.

---

उद्यमनगर | १०:३२

पाऊसवेडीशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडे कास्टिंगची सिम्युलेशन्स चालतात. नवा पोरगा आला की त्याला आठवडाभर ओपनफोम या सिम्युलेशन सॉफ्टवेअरच्या सगळ्या पायऱ्या हाताने करायला लावतो. मेश बनव, तुकडे कर, सॉल्व्हर चालव, तुकडे जोड, चित्र काढ. रायझरचा व्यास बदल, पुन्हा पहिल्यापासून. गेट हलव, पुन्हा. चौथ्या दिवशी तो स्वतःच विचारतो, "सर, हे आपोआप होत नाही का?" त्या दिवशी शिकवायचं. आधी शिकवलं तर ते तासाचं राहतं, तुमचा तो पोरगा म्हणाला तसं.

---

बॅशबहाद्दर | १०:४४

एकोचा किस्सा मान्य. पण तो बॅश नीट न लिहिल्याचा दोष झाला. स्नेकमेकमध्येही चुकीचा नियम लिहिता येतोच की.

---

पाऊसवेडी | १०:५१

येतो ना. फरक इतकाच की स्नेकमेक आपल्या नियमांतल्या आज्ञा आधीपासूनच कडक बॅशमध्ये चालवतो, आउटपुट खरंच तयार झालं का ते बघतो आणि फसलेल्या कामाची अर्धवट फाइल उडवून टाकतो. तुमच्या पाच ओळींत हे सगळं घालायला गेलात की पन्नास होतील. मग त्या पन्नास ओळी दुसऱ्या कुणाला समजावून सांगा.

---

गुळव्याचा नातू | ११:१५

उदाहरण हवं ना मॅडम? गुऱ्हाळ घ्या! ऊस घाण्यात, रस काहिलीत, खाली चुलवाण, मग मळी काढायची, पाक बघायचा, वाफ्यात ओतायचं, निवला की रवा (ढेप). घाण्यावाला, जळव्या, गुळव्या, ज्याचं त्याचं काम ठरलेलं. रस आल्याबिगर काहिल चढत न्हाई आणि मळी निघाल्याबिगर गुळव्या हात लावत न्हाई. ह्योच की तुमचा वर्कफ्लो! आणि गुळव्या पाक कधी झाला ते घड्याळावर बघत न्हाई, पाण्यात टाकून गोळी बघतो. पाऊसवेडीताई म्हणतात ते आउटपुट तपासणं ह्येच. कोल्हापूरच्या पोराला ह्यापरीस सोपं काय सांगणार भावा? नाद खुळा.

---

चिपाड | ११:२९

नातूसाहेब, उदाहरण झकास, पण एक खोच आहे (आयडीच माझा असा, राहवेना). ही टूलं जो आराखडा मानतात त्यात बाण मागे फिरत नाही, म्हणजे चक्र चालत नाही. गुऱ्हाळात तर चक्रच आहे. आज गाळलेल्या उसाचं चिपाड वाळवायचं आणि ते पुढच्या आदणांना (काहिलीच्या खेपांना) जळण म्हणून घालायचं. चिपाड ओलं राहिलं की जळव्या हटून बसतो. स्नेकमेकला असं लिहून दिलं तर तो सरळ 'सायक्लिक डिपेंडन्सी' म्हणून तोंड फिरवेल.

---

गुळव्याचा नातू | ११:३३

च्यायला! आमच्या आज्ज्यानं बी एवढा इचार केला नसंल.

---

पाऊसवेडी | ११:४६

चिपाड, दंडवत! हवामानात हुबेहूब हाच प्रश्न येतो. सहा-सहा तासांची फेरी असते आणि आत्ताच्या फेरीला मागच्या फेरीचं आउटपुट लागतं. कागदावर काढलं तर चक्र दिसतं. तारीख-वेळ लावून उलगडलं की लांबच लांब साखळी होते: कालचं चिपाड, आजचं आदण, आजचं चिपाड, उद्याचं आदण. यासाठी न्यूझीलंडच्या निवा संस्थेत सिल्क नावाचं टूल तयार झालं (इंग्रजी स्पेलिंग वेगळंच आहे, उच्चार मात्र रेशमाचा). ब्रिटनचं हवामान खातंही तेच वापरतं. पाच दिवसांत हे शिकवू नका, पण चिपाडाची गोष्ट सांगाच. स्नेकमेक प्रत्येक कुलपाची किल्ली नाही हे कळेल.

---

रंकाळ्याचा वारा | ११:५०

अवांतर: गुळाचा विषय निघालाच आहे तर सांगा, सध्या बिनकेमिकलचा रवा खात्रीने कुठे मिळतो?

---

नोडराखण | ११:५२

रंकाळ्याचा वारा, वेगळा धागा काढा. तिथे पहिला प्रतिसाद माझा असेल.

---

तालीममास्तर | मंगळवार, सकाळी ७:०५

थोडा इतिहास. या सगळ्यांचा आजोबा म्हणजे मेक. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमनने १९७६ मध्ये लिहिला. पुढे २००३ मध्ये त्याला एसीएम या संगणकशास्त्राच्या संघटनेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. कल्पना साधी: काय हवंय ते सांगा, ते कशापासून बनतं ते सांगा. जुनं झालेलं असेल तेवढंच पुन्हा बनेल. स्नेकमेक २०१२ चा, नावातच मेक आहे. माझं मत, अर्धा तास मेकला द्या. वाइल्डकार्ड नाही, क्लस्टर नाही, तीन नियमांची एक मेकफाइल. 'मागून पुढे' विचार करायची सवय तिथे लागते. पोरं स्क्रिप्ट लिहितात ती 'हे कर, मग ते कर' अशी. इथे उलटं आहे, शेवटची वस्तू मागायची. ही उलटी उडी जमली की बाकी नुसतं व्याकरण.

आणि हो, मेकमध्ये टॅबच्या जागी स्पेस दिली की चालत नाही. त्यावर अर्धा तास जाईल तो वेगळा.

---

जनुकराव | ८:२०

बायोटेकची दोन पोरं आहेत म्हणता, तर त्यांना नेक्स्टफ्लोही नावापुरतं दाखवा. बार्सिलोनात सुरू झालेलं, आमच्या जीनोमिक्सवाल्यांत त्याचे तयार पाइपलाइन खूप चालतात. त्यात विचार पुढून मागे, माहिती नळातून वाहते तशी. 'रिझ्यूम' म्हटलं की झालेल्या पायऱ्या सोडून पुढे जातो. त्याची किंमत मात्र वर्क फोल्डरमध्ये मोजावी लागते, मधल्या सगळ्या फायली तिथे साचतात. माझा कोटा दोनदा भरला. दुसऱ्यांदा ॲडमिननी फक्त "पुन्हा?" एवढीच मेल केली.

दोन्हींत एक गोष्ट छान आहे, ती शिकवाच. मेमरी कमी पडून काम मेलं तर पुन्हा टाकताना आपोआप दुप्पट मागता येते, तिसऱ्यांदा तिप्पट. आधीच घाबरून ६४ जीबी मागून रांगेत कुजत बसायला लागत नाही.

---

भोगावती | ९:०२

जनुकरावांच्या 'आपोआप दुप्पट'वरून राधानगरी आठवलं. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की आपले आपण उघडतात, उतरलं की मिटतात. कुणी बटण दाबायला नको. लहानपणापासून कौतुक ऐकलंय. पण आम्ही नदीकाठचे. दरवाजा उघडतो तो वरचं पाणी बघून. खाली पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ च्या धोक्याकडे निघालीय का, हे तो विचारत नाही. २०१९ आणि २०२१ ज्यांनी बघितलं त्यांना जास्त सांगायला नको. तिथे माणसं रात्रभर जागून आकडे बघत होती.

तुमच्या पोरांना आपोआप चालवायला शिकवाल तेव्हा किती चालू द्यायचं याचा बांधही घालायला शिकवा. नोडराखण वर टक्क्याचं चिन्ह म्हणाले ते हेच ना?

---

नोडराखण | ९:१५

हेच. भोगावती, तुमचा प्रतिसाद छापून सर्व्हर रूमच्या दारावर लावतोय.

---

उद्यमनगर | ९:४०

उदाहरणाचा प्रश्न तसाच राहिला. कास्टिंग घेतलं तर सिव्हिलवाले झोपतील, जनुकं घेतली तर मेकॅनिकलवाले. शाखा बाजूला ठेवा. एकच छोटा समांतर प्रोग्रॅम घ्या, काय मोजतो त्याला महत्त्व नाही. तो १, २, ४, ८, १६ कोअरवर चालवायचा, प्रत्येकी तीनदा. पंधरा धावा, त्यांच्या वेळा गोळा करणारी एक पायरी, एक आलेख. सगळ्यांना कळतं. वर ॲमडालचा १९६७ चा नियम फुकटात शिकवून होतो: कामाचा दहावा हिस्सा एकट्यानेच करावा लागत असेल तर कितीही कोअर लावा, दहा पटीच्या पुढे वेग जाणार नाही. फाउंड्रीत मोल्ड कितीही भरा, वितळवायची भट्टी एकच असेल तर ओतायला तिचीच वाट बघायची, तसं.

पहिल्या दिवशी पंधरा धावा हाताने. मग सांगा, "आता ३२ कोअरचंही हवंय."

---

विद्यानगरी | १०:३०

उद्यमनगर, हे चोरलं. पाऊसवेडी, तुमचा एकोही चोरला. तालीममास्तर, मेकला अर्धा तास देईन, पण टॅब मी आधीच टाकून देईन.

एक शंका. आता पोरं एआयला विचारून आख्खी स्नेकफाइल (स्नेकमेकच्या नियमांची फाइल) आणतात. मग दोन दिवस हाताने करायचा आग्रह कितपत टिकेल?

---

तालीममास्तर | १०:४७

आणू द्या की. नियम असा करा: कुठूनही आणा, पण चालवायच्या आधी ड्राय रन (काहीही न चालवता काय चालेल ते नुसतं बघणं) करायचा आणि किती कामं चालतील, कुठली, का, ते फळ्यावर लिहायचं. आकडा चुकला तर चालवायची नाही.

---

विद्यानगरी | पुढच्या आठवड्यातला गुरुवार, रात्री १०:०५

धागा वर काढते. चार दिवस झाले.

सोमवारी पंधरा धावा हाताने. चाळिसाव्या मिनिटाला वर्गात कुजबुज सुरू झाली, तासाअखेर तिघांनी आपले आपण फॉर लूप लिहिले. मंगळवारी आफ्टरओकेची माळ, त्यात मधल्या स्क्रिप्टच्या शेवटी एको आणि आत मुद्दाम मोडलेली ओळ. २४ पैकी २१ जणांनी आलेख मला आणून दाखवला. सुरेख आलेख, चुकीच्या आकड्यांचा. मग एको काढला आणि पुन्हा चालवायला सांगितलं. आता मधला जॉब रीतसर मेला, पण त्याच्यामागचे रांगेतच राहिले, शेजारी कारण: डिपेंडन्सी नेव्हर सॅटिस्फाइड. सिव्हिलचा एक मुलगा बराच वेळ स्क्रीनकडे बघून म्हणाला, "मॅडम, हा मेलेल्याची वाट बघतोय." स्लर्मच्या मॅन्युअलमध्ये इतकं नेमकं वाक्य नाही.

बुधवारी मेक, मग स्नेकमेक. ३२ कोअर वाढवायचे म्हटल्यावर तालीममास्तरांचा नियम लावला: किती कामं चालतील ते फळ्यावर. बहुतेकांनी २० लिहिलं, म्हणजे अठराही धावा, एक गोळा करणं, एक आलेख. बायोटेकच्या मुलीने ५ लिहिलं: तीन नव्या धावा, एक गोळा करणं, एक आलेख. ड्राय रनने ६ दाखवले आणि वर्गात एकच कालवा. सहावं म्हणजे 'ऑल' हा नुसता नावाचा नियम, तो यादीत मोजला जातो. तिचा चेहरा पडला होता तो खुलला.

एक गंमत झाली. एकाची फाइल नोडवर तयार झालेली, पण स्नेकमेक म्हणे दिसत नाही. नेटवर्कवरची डिस्क आळशी. 'लेटन्सी वेट' (फाइल दिसायची वाट किती बघायची तो वेळ) मुळात पाच सेकंदांचा असतो, तो तीस केला तेव्हा चाललं. आमच्या डिस्कचं वय लक्षात घेता तीसही कमीच.

चिपाडाची गोष्ट आज सांगितली. कागल तालुक्यातल्या पोराच्या घरी गुऱ्हाळ आहे, त्याने मलाच तीन गोष्टी दुरुस्त करून दिल्या.

---

बॅशबहाद्दर | १०:२२

२१ जण चुकले हे वाचून मी आज माझ्या जुन्या स्क्रिप्ट काढून बघितल्या. सहांच्या शेवटी एको आहे. बाकी बोलत नाही.

---

पाऊसवेडी | १०:२४

:) :) :)

---

जनुकराव | १०:३१

पण मूळ प्रश्न राहिलाच की. "ते तुमच्या तासाचं" मिटलं का?

---

विद्यानगरी | शुक्रवार, रात्री ११:४०

जनुकराव, तुमचा प्रश्न डोक्यात होता. शेवटचा तास संपला, घरी आले, जेवले आणि सहज क्लस्टरवर लॉगिन केलं. सगळं इतकं हळू की अक्षरं एकेक उमटत होती. टॉप (कोण काय चालवतंय ते दाखवणारी आज्ञा) लावून बघितलं तर 'मेलेल्याची वाट'वाला सिव्हिलचा मुलगा. स्नेकमेक सोळा कोअरवर जोरात चालू. फोल्डर बघितलं, माझ्या तासाचं त्यात काही नाही. त्याच्या प्रोजेक्टचा पर्जन्यमापकांचा डेटा, नऊ नियम, सगळे स्वतः लिहिलेले, कॉमेंट मराठीत. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू.

फक्त चालवलंय लॉगिन नोडवर.

---

नोडराखण | ११:४३

मी पहिल्याच प्रतिसादात पाया पडलो होतो, ताई.